बदाम राजाला एकदाच मोजायचं

७ ऑगस्ट २००६

आज मी बारावीचा फॉर्म भरला. हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं आणि मलाच हसू आलं.

झालं असं, की हितेशनं, म्हणजे धाकट्या दिरांच्या मुलानं, बाहेरून बारावीला बसायचं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म आणून ठेवला होता. तेवढ्यात त्याला मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझरची ड्युटी मिळाली. म्हणाला, "काकी, टाकून दे तो फॉर्म." टाकायला म्हणून उचलला, तर कोरा होता. पेन समोरच होतं. दहावी मी पास आहे, चौऱ्याऐंशी सालची. पुढं शिकायचं होतं, पण दोन वर्षांत लग्न होऊन अंजूरला आले, मग करिष्मा झाली, मग शेतात गोडाऊन झालं, मग हा बंगला झाला. आता सगळं आहे आणि दुपारी काय करायचं ते कळत नाही.

विषय हितेशनं एका चिठ्ठीवर लिहून ठेवले होते, तेच मी उतरवले. त्यात गणित आहे हे फॉर्म देऊन परत येताना रिक्षात लक्षात आलं.

घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

९ ऑगस्ट

सांगितलं. जेवताना एकदम सांगून टाकलं.

करिष्मा ओरडलीच. "मम्मी! मी बारावीला आणि तू पण बारावीला? माझ्या मैत्रिणींना काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नको. ती म्हणाली, क्लासला आलीस तर माझ्या बाकावर बसायचं नाही आणि मला हाक मारायची नाही.

सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "जा गो, जा. पोरीबरोबर जा, पोरीबरोबर ये. भाकरीचं मी बघतंय." त्या इतक्या सहज कशा तयार झाल्या कळलं नाही. बहुधा त्यांना नीट ऐकू आलं नसेल.

आमचे हे, म्हणजे काळूराम, एक शब्द बोलले नाहीत. यांचं शिक्षण सहावीपर्यंत. बायको बारावीला बसते म्हटल्यावर राग येणारच. जेवण झाल्यावर उठले, नाक्यावर गेले, मोठा बल्ब घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावरचा जुना काढून तो लावला. रागात असले की यांना घरातली दुरुस्ती सुचते.

२१ ऑगस्ट

सावळाराम सरांचा गणिताचा क्लास भिवंडीत धामणकर नाक्याजवळ आहे, एका जिन्यावरच्या खोलीत. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात, त्यामुळे सर खडखडाटाच्या वरच्या पट्टीत शिकवतात. लाईट गेली की लूम बंद पडतात आणि सर एकटेच ओरडत राहतात. मग सगळी पोरं हसतात आणि सरही.

मी शेवटच्या बाकावर बसते. आव्यूह नावाचा प्रकार चालू आहे. कंसात आकडे उभे-आडवे मांडायचे आणि गुणायचे. मला फक्त कंस काढता येतात.

करिष्मा दुसऱ्या रांगेत बसते आणि चुकूनही मागं बघत नाही. आज वही संपली तेव्हा मात्र मागं वळली आणि म्हणाली, "मम्मी, पानं दे ना." अख्खा वर्ग मागं वळला. ती लाल झाली. मी पानं दिली. सर म्हणाले, "अरे वा! मग तर दोघींना मिळून एकच गृहपाठ चालेल."

एकच चालणार नाही असं नंतर त्यांनी जिन्यात सांगितलं.

४ सप्टेंबर

गणपती, गौरी, पाहुणे. पुस्तक उघडलं नाही. पण गौरीच्या जागरणाला पत्त्यांत मेंढीकोट खेळलो आणि मी व धाकटी जाऊ मिळून पुरुषांच्या जोडीवर कोट चढवला. चारही दश्श्या आमच्याकडे. माझ्या माहेरी आम्ही सहा भावंडं, पावसाळ्यात दुसरं करायला काही नसायचं. गणितात हे विचारलं असतं तर काय हवं होतं!

१३ ऑक्टोबर

चाचणी. शंभरात अकरा. त्यातले चार सरांनी दया म्हणून दिले असावेत. करिष्माला चाळीस.

हे विचारत होते, "किती पडले?" मी सांगितलं. म्हणाले, "अकरा म्हंजे सुरुवात झाली ना." टोमणाच होता.

७ नोव्हेंबर

आज काय झालं ते लिहूनच झोपते.

दिवाळीनंतरचा पहिला धडा संभाव्यता. सरांनी फळ्यावर लिहिलं: नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांच्या संचातून एक पत्ता काढला, तर तो किलवर असण्याची संभाव्यता काढा. तनया म्हणून एक हुशार मुलगी आहे, पहिल्या बाकावरची. तिनं विचारलं, "सर, किलवर म्हणजे काय?" सरांनी फळ्यावर तीन पाकळ्यांचं पान काढलं. ते मेथीसारखं दिसत होतं. मग सरांनी विचारलं, पत्ते कुणी कुणी हातात धरलेत? मुलांचे सगळे हात वर. मुलींचा एकही नाही. सगळ्या करिष्मासारख्याच. घरात पत्त्यांचा कॅट असतो, पण तो पुरुषांच्या हातात.

आणि माझा हात वर होता. मी तो कधी वर केला ते मला माहीत नाही.

"किलवर तेरा," मी म्हटलं. "बदाम तेरा, इस्पिक तेरा, चौकट तेरा. बावन्नात तेरा, म्हणजे चारात एक."

सर म्हणाले, "शाबास. आता राजा किंवा बदाम येण्याची?"

वर्गातून आवाज आला, चार राजे आणि तेरा बदाम, सतरा. मी म्हटलं, "सोळा."

"का?"

आता का म्हणजे काय सांगणार? मला ते दिसत होतं, बोलता येत नव्हतं. मग सुचलं. "सर, आमच्याकडे लग्न असलं की नवऱ्याकडची माणसं मोजतात, नवरीकडची मोजतात. पण कुणीतरी एक असा असतोच, जो दोन्हीकडून लागतो. नवऱ्याचा मामा आणि नवरीचा काका. त्याला दोनदा मोजलं तर एक पान जास्त वाढलं जातं. बदाम राजा तसा आहे. राजांत पण आहे, बदामांत पण आहे. त्याला एकदाच मोजायचं."

सर खडू हातात घेऊन थांबले. मला वाटलं, चुकलं. मग ते इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. म्हणाले, "गुलाबताई, इतकी वर्षं मी ह्याचं सूत्र फळ्यावर लिहितोय. पोरं ते पाठ करतात आणि पेपरात विसरतात. आता कुणी विसरणार नाही. या, पुढे या, पुन्हा सांगा."

मी पुढं गेले. फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं की वर्गाकडे, तेच कळेना. करिष्मा माझ्याकडे बघत होती.

घरी येताना रिक्षात करिष्मा कशेळीचा फाटा गेल्यावर म्हणाली, "मम्मी, चौकट म्हणजे लाल ना?"

१२ नोव्हेंबर, रविवार

क्लासच्या पाच मुली आज आमच्याकडे आल्या. पत्ते बघायला! तनयाच म्हणाली होती, "काकू, एकदा हातात धरले तर लक्षात राहतील." आधी मी कॅटातले पत्ते रंगवार मांडून दाखवले. गुलाम, राणी, राजा. चित्रांचे बारा. मग एकीनं विचारलं की ह्यानं खेळतात कसं? झालं. दहा मिनिटांत मेंढीकोट सुरू.

एक भिडू कमी पडत होता म्हणून सासूबाई बसल्या. त्यांना मी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. पहिल्या डावात त्यांनी घरातल्या दुसऱ्या कॅटातली इस्पिकची दश्शी पदराखाली लपवली आणि दुसऱ्या डावात काढली. मुलींना कळेना की पाचवी मेंढी, म्हणजे दश्शी, कुठून आली. मी म्हटलं, "आई, कॅटात दश्श्या चारच असतात." त्या म्हणाल्या, "मग तुझी संभाव्यता चुकली गो."

मुली जमिनीवर लोळून हसत होत्या. करिष्मासुद्धा. मग मी प्रत्येक हाताला थांबवून विचारायला लागले: बदाम किती पडले? म्हणजे बाहेर किती उरले? पुढचा पत्ता बदाम असायची शक्यता वाढली की कमी झाली? पत्ता परत कॅटात ठेवला नाही तर खालचा आकडा एकानं उतरतो, हे त्यांना एका दुपारी समजलं. पुस्तकात त्याला तीन पानं लागली आहेत.

हे दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. रात्री जेवताना विचारलं, "खालचा आकडा कमी का होतो?" मी सांगितलं. परत विचारलं. परत सांगितलं. माझी तोंडी परीक्षा घेतात! सहावी शिकलेला माणूस, पण बायकोला येतं की नाही याची खात्री करून घ्यायची.

२१ नोव्हेंबर

आनंद फार दिवस टिकत नाही, असं वाटायला लागलं आहे.

तनया क्लासला आली नाही. सरांनी मला थांबवून घेतलं. तिचे वडील, दौलत, आमच्याच पंचक्रोशीतले, ट्रकचा धंदा. ते सरांकडे येऊन गेले. क्लासच्या नावाखाली पोरींना जुगार शिकवतात म्हणाले. मुलीला काढून घेईन म्हणाले. सर मला रागावले नाहीत. उलट तेच ओशाळले होते. "गुलाबताई, तुमचं चुकलं नाही. पण थोडे दिवस पत्ते नकोत. पुस्तकात बघून करू."

मी घरी येऊन भांडी घासत बसले, बाई येऊन घासून गेली होती तरी. माझ्यामुळे एका चांगल्या पोरीचं वर्ष जाणार. कशाला तो हात वर केला? शेवटच्या बाकावर बसून अकरा मार्क मिळवले असते तर कुणाचं काही गेलं नसतं.

यांना सांगितलं. यांनी ऐकलं आणि चप्पल घालून बाहेर गेले.

२२ नोव्हेंबर

हे काल संध्याकाळी भिवंडीच्या बाजारातून गोट्यांची मोठी पिशवी घेऊन आले. काचेच्या, चार रंगांच्या. "पोरांसाठी आणल्या," म्हणाले आणि टेबलावर ठेवल्या. आमच्या घरात लहान पोर एकही नाही. हल्ली यांचं लक्षच नसतं.

पण एका अर्थी बरं झालं. पुस्तकात पत्त्यांइतकीच गोट्यांची गणितं आहेत. गोट्यांना कुणी नावं ठेवणार नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार

चारच मुली आल्या होत्या. ओट्यावर गोट्या मांडून बसलो होतो. पिशवीत पाच लाल, तीन निळ्या, दोन हिरव्या. न बघता दोन काढल्या, दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? पहिल्यांदा दहात पाच, दुसऱ्यांदा नवात चार, म्हणजे नवात दोन. मुली पटापट सांगत होत्या. एवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. दौलत. मागं तनया, रडून डोळे सुजलेले.

"वहिनी, काळूराम घरात हाय का?" मला सोडून यांच्याशी बोलायचं होतं.

हे आतून आले. खुर्ची पुढं केली. आणि म्हणाले, "गणिताचं असेल तर हिलाच विचारा. मला त्यातलं कळत न्हाय." आणि चक्क आत निघून गेले! मला एकटीला सोडून! इतका राग आला.

दौलतभाऊ बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. "वहिनी, तुमचं घर चांगलं हाय म्हणून सांगायला आलो. माझा मोठा भाऊ राघो. सकाळी चावडीवर बसतो तो दिवे लागेपर्यंत. हातात पत्ते. कामधंदा गेला, बायको माहेरी गेली. रोज म्हणतो, आजवर वाईट पानं आली, आता चांगली येणारच. पत्ते दिसले की माझं डोकं फिरतं. माझ्या पोरीच्या हातात ते नकोत."

मला वाटलं होतं, ते ओरडतील आणि मी ओरडेन. पण त्यांचा आवाजच बसला होता. मी पिशवी पुढं केली.

"भाऊ, पत्ते न्हाईत. गोट्या हायेत. चार लाल, चार निळ्या ठेवते. तुम्ही एक काढा, बघा, परत टाका."

ते काय म्हणतील असं वाटत असतानाच त्यांनी हात घातला. निळी. परत टाकली. निळी. परत टाकली. निळी.

"आता सांगा, पुढं काय येणार?"

"लाल," ते ताबडतोब म्हणाले. "तीनदा निळी आली. आता लालच येणार."

काढली. निळी.

"आता तर लालच."

काढली. लाल. "बघा!" ते ओरडले, आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

मी तनयाला म्हटलं, लिहून घे. तीन निळ्या ओळीनं आल्या की त्याच्या पुढची कुठली, तेवढंच लिही. दौलतभाऊ काढत राहिले. चहा झाला. परत चहा झाला. सासूबाईंनी पोळी-बटाट्याची भाजी आणून ठेवली. त्यांनी एका हातानं खाल्ली, दुसऱ्या हातानं गोट्या काढल्या. शेवटी तनयानं वाचून दाखवलं. तीन निळ्यांनंतर कधी लाल, कधी निळी, जवळजवळ सारखंच.

"असं कसं?" ते म्हणाले.

"भाऊ, पिशवीला आठवण नसते. तीन निळ्या येऊन गेल्या हे तुम्हाला माहीत आहे, तिला नाही. तिच्यात दरवेळी चार लाल आणि चार निळ्याच असतात."

त्यांनी पिशवी ओतून गोट्या मोजल्या. मग म्हणाले, "म्हंजे राघो इतकी वर्षं म्हणतोय, आता येणारच..."

"चालू डावात जे पत्ते पडले ते पडले, ते परत येत नाहीत, म्हणून ते लक्षात ठेवायचे. पण डाव संपला, कॅट पिसला, की सगळं संपलं. कॅटाला काल काय वाईट पानं आली ते ठाऊक नसतं. तो राघोभाऊंचं देणं लागत नाही."

तनया हळूच म्हणाली, "पप्पा, धड्यात हेच आहे."

ते उठले. दारापाशी जाऊन मागं वळले. "पोरीला किती वाजता न्यायला येऊ?"

त्यांच्या मोटारसायकलचा आवाज गेल्यावर मुलींनी मला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. हे आतून आले आणि म्हणाले, "चहा उरलाय का?" जसं काही झालंच नाही. पण दाराआड यांची चप्पल दिसत होती मला, सगळा वेळ. एवढं होतं तर बाहेर येऊन दोन शब्द बोलायचे!

३ डिसेंबर

दौलतभाऊ राघोभाऊंना घेऊन आले. राघोभाऊंनी तासभर गोट्या काढल्या आणि शेवटी म्हणाले, "पिशवीत गडबड हाय." पुढच्या रविवारी दुसरी पिशवी घेऊन येतो म्हणाले. येऊ देत. तेवढा वेळ तरी चावडीवर नसतील.

१९ जानेवारी २००७

पूर्वपरीक्षेचे मार्क मिळाले. मला गणितात चव्वेचाळीस. करिष्माला एकोणतीस.

तिनं खोलीचं दार लावून घेतलं. जेवायला आली नाही. मी पुरणपोळी केली होती माझ्या मार्कांसाठी, ती कुणी खाल्ली नाही.

२० जानेवारी

मी दाराबाहेर बसून राहिले. दुपारी तिनंच दार उघडलं. म्हणाली, "मम्मी, तू नापास झालीस तर लोक म्हणतील, वा, या वयात प्रयत्न तर केला. मी नापास झाले तर काय म्हणतील? आईला जमलं, हिला नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होते की तिला माझी लाज वाटते.

मी म्हटलं, "मग मी बसत नाही परीक्षेला." खरंच म्हटलं. मनापासून.

ती इतकी चिडली! "म्हणजे तो पण माझाच दोष? बसायचं! गपचूप बसायचं! मला फक्त ते 'आणि' आणि 'किंवा' कळत नाही. कधी गुणायचं, कधी मिळवायचं."

"एवढंच?"

"एवढंच काय! सगळ्या गणितात तेच असतं."

मी तिच्या कपाटातून तीन कुर्ते काढले आणि दोन ओढण्या. पलंगावर मांडल्या. "लाल कुर्ता आणि पिवळी ओढणी, असं ठरवून घालायचं तर दोन्ही जमून यायला हवं. अवघड. म्हणून गुणायचं, आकडा लहान होतो. लाल कुर्ता किंवा निळा कुर्ता, काहीही चालेल, तर सोपं झालं. म्हणून मिळवायचं, आकडा मोठा होतो."

ती कुर्त्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बदाम राजा?"

"लाल कुर्ता किंवा जरीचा कुर्ता म्हणालीस, आणि लालच जरीचा निघाला, तर एकदाच मोजायचा."

तिनं पुरणपोळी मागितली. मग रात्रीपर्यंत तिनं मला आव्यूह शिकवले. ती सरांपेक्षा छान शिकवते. ओरडत नाही. मला आता कंसाच्या आतलंही थोडं कळतं.

११ फेब्रुवारी

यांचं काय चाललंय कळत नाही. आज भात कालवता कालवता म्हणाले, "पिशवीत सात लाल, तीन निळ्या. दोन काढल्या. एक पण लाल न्हाय, असं व्हायची किती?" मी सांगितलं: दहात तीन, नवात दोन, गुणिले, पंधरात एक. हे म्हणाले, "बरोबर." बरोबर! यांना कसं ठाऊक? अंदाजानं म्हणत असतील. परीक्षा डोक्यावर आलेली असताना माझी अशी रोज फिरकी घेतात.

मार्च, गणिताचा पेपर

तारीख टाकायला विसरले, आता खाडाखोड नको.

आमचे नंबर वेगवेगळ्या शाळांत आले. हे आधी करिष्माला सोडून मग मला सोडायला आले. फाटकाशी म्हणाले, "पाणी पी." बस.

पेपर हातात आला तेव्हा अक्षरं हलत होती. मग मधेच दिसलं: एका पिशवीत लाल आणि पांढऱ्या गोट्या, परत न ठेवता दोन काढल्या. मी हसले. मोठ्यानं. वर्गावरच्या बाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही बाई, ओळखीचं भेटलं."

सगळं सोडवलं असं नाही. शेवटचा एक प्रश्न पूर्ण सोडून दिला. पण बाहेर आले तेव्हा भूक लागली होती, आणि मला वाटतं, पेपर अवघड गेला असेल तर भूक लागत नाही.

करिष्मा येऊन बिलगली. "मम्मी, 'किंवा'चं आलं होतं!"

निकालाचा दिवस

सकाळपासून सासूबाई देवापुढं. करिष्मा गच्चीत. मी भाजी दोनदा चिरली. निकाल कॉम्प्युटरवर लागतो म्हणून हे एकटेच भिवंडीला गेले. मी आमचे नंबर कागदावर लिहून देत होते, तर हे म्हणाले, "पाठ हायेत दोन्ही."

बारा वाजले, साडेबारा झाले, आले नाहीत. मग आले. हातात पेढ्यांचे खोके. डोळ्यांवर गॉगल, तो घरात येऊनही काढला नाही. मी म्हटलं, "अहो, काय झालं ते तरी सांगा." यांनी खोके टेबलावर ठेवले. मग खिशातून छापलेले दोन कागद काढून करिष्माच्या हातात दिले.

करिष्मा पास. गणितात एकसष्ट. मी पास. गणितात त्रेपन्न, इंग्रजीत पस्तीस. काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला.

पुढचं नीट आठवत नाही. आम्ही दोघी नाचत होतो एवढं आठवतं, आणि सासूबाई टाळ्या वाजवत होत्या. तनयाचा फोन आला, तिला गणितात नव्वदच्या वर. फोन दौलतभाऊंनी घेतला आणि दोन मिनिटं नुसतेच "वहिनी, वहिनी" करत राहिले. सरांचा फोन आला: जूनपासून संभाव्यतेचा धडा नव्या बॅचला मी घ्यायचा. विचारलं नाही, सांगितलं.

यांनी गॉगल शेवटी काढला तेव्हा डोळे लाल होते. मानकोलीच्या रस्त्यावर धूळ फार उडते, म्हणाले. ट्रक वाढलेत ना.

संध्याकाळी

सगळे पांगल्यावर हे ओट्यावर येऊन बसले. मग समोर बघतच म्हणाले, "हितेशला विचारलं मी. सहावी पास माणूस बाहेरून दहावीला बसू शकतो म्हणतो."

"कोण बसतंय?"

मी यांच्या तोंडाकडे बघितलं. आणि एकदम माझ्या डोक्यात सगळं गोळा झालं. तो बल्ब, त्या गोट्या, दाराआडची चप्पल, जेवताना विचारलेले सगळे प्रश्न. मी त्रेपन्न मार्कांची बाई, आणि घरातली एवढी साधी बेरीज मला वर्षभर आली नाही!

"अहो," मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तुझं होऊ दे म्हटलं आधी." मग हळूच, "पोरांच्यात बसायचं म्हंजे लाज न्हाय वाटत?"

"वाटते," मी म्हटलं. "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पोरं डब्यातलं मागायला लागतात."